पाण्यांतील सूक्ष्म जीव व त्यांचें ऋतुमान

शेतकऱ्यास ऋतु ओळखण्यासाठीं पंचांग उघडावें लागत नाहीं. रोहिणी सरून मृग लागला, कीं तो पेरणीस निघतो. हस्ताचा पाऊस ओसरला, कीं विळ्याला धार लावतो. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या आपणां सर्वांस जमिनीवरील हें ऋतुचक्र लहानपणापासून पाठ असतें. परंतु जमिनीप्रमाणें पाण्यालाहि ऋतु असतात; तेथेंहि पेरणी, वाढ, कापणी व पडीक काळ हीं क्रमानें येतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. याचें कारण उघड आहे. पाण्यांतलें पीक डोळ्यांना दिसत नाहीं. त्या पिकाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी, आणि तें आपल्या हातून बुडूं नये म्हणून काय करतां येईल याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

समुद्रांत, तळ्यांत, नदीच्या डोहांत, किंबहुना भाताच्या खाचरांतहि असंख्य सूक्ष्म जीव तरंगत असतात. प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं नसतें. पाणी नेईल तिकडे ते जातात. अशा जीवांच्या समुदायास प्लँक्टन हें नांव व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा असा आहे. मराठींत त्यांस प्लवक म्हणतात. प्लवकांचे मुख्य भेद दोन. पहिला वनस्पतिप्लवकांचा. हे जीव झाडांप्रमाणें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न आपणच तयार करतात. त्यांतील करंडक, म्हणजे डायाटम, हे कांचेसारख्या वाळूच्या द्रव्याची नाजूक डबी अंगाभोंवतीं बांधून राहतात. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांच्या कवचांवरील नक्षी पाहिली म्हणजे मन थक्क होतें. दुसरा भेद प्राणिप्लवकांचा. कोपेपॉड, जलपिसवा, रोटिफर, त्याचप्रमाणें खेकडे, कोळंबी व मासे यांचीं अगदीं लहान पिलें यांचा त्यांत समावेश होतो. हे वनस्पतिप्लवकांस किंवा एकमेकांस खाऊन जगतात.

जमिनीवर जें स्थान गवताचें, तेंच पाण्यांत वनस्पतिप्लवकांचें. गवत नाहीं तर गाय नाहीं, गाय नाहीं तर दूध नाहीं. तसेंच प्लवक नाहीं तर मासा नाहीं. इतकेंच नव्हे, तर साऱ्या पृथ्वीवर हिरव्या वनस्पति जें अन्न निर्माण करतात, त्याचा सुमारें निम्मा भाग हे समुद्रांतील इवलेसे जीव निर्माण करतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपण श्वासाबरोबर जो प्राणवायु घेतों, त्याचें ऋण आपण केवळ वनांचेंच मानतों; पण त्यांत समुद्राचाहि मोठा वांटा आहे.

"आमचें गांव समुद्रापासून लांब, आम्हांस याचें काय?" असें कोणी विचारील. त्यानें पावसाळ्यापूर्वीं आपल्या बाजारांत एक फेरी मारावी. सुकट, बोंबील व जवळा यांचे ढीग तेथें मांडलेले दिसतील. यांतील जवळा म्हणजे इंचभर लांबीचा, कोळंबीच्या जातीचा जीव. शास्त्रज्ञ त्याची गणना प्लवकांतच करतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरतीओहोटीच्या प्रवाहांत डोल जाळीं लावून कोळी लोक तो धरतात. बोंबील हा मासा याच जवळ्यावर पोसतो. म्हणजे ज्या दिवशीं बाहेर धो धो पाऊस पडत असतो आणि आपल्या घरीं चुलीवर जवळ्याचें कालवण शिजत असतें, त्या दिवशीं आपण समुद्रांतील प्लवकांचेंच पीक जेवत असतों.

आतां या पिकाचे ऋतु पाहूं. प्रथम समशीतोष्ण प्रदेशांतील समुद्रांचें उदाहरण घेतों, कारण या विषयाचा सर्वांत जुना व कसून झालेला अभ्यास तेथलाच आहे. इंग्लंड व नॉर्वे यांच्या दरम्यानच्या उत्तर समुद्रांत हिंवाळ्यांत वादळें होऊन पाणी तळापासून ढवळून निघतें. तळाशीं सांचलेलीं नत्र, स्फुरद इत्यादि क्षारद्रव्यें त्यामुळें वर येतात. हें जणूं शेताला खत घालणेंच होय. परंतु त्या वेळीं दिवस लहान, ऊन मंद. त्यामुळें खत असूनहि पीक उगवत नाहीं. मार्च-एप्रिलच्या सुमारास दिवस मोठा होऊं लागतो, वरचें पाणी किंचित् तापून हलकें होतें व वरच वर राहतें. प्रकाश व खत यांची अशी गांठ पडतांच करंडकांची वाढ इतक्या झपाट्यानें होते, कीं कांहीं आठवड्यांतच समुद्राचा रंग पालटतो. यास वसंतांतील बहर म्हणतात. या बहरावर कोपेपॉड चरतात, कोपेपॉडांवर माशांचीं पिलें. उन्हाळ्यांत वरच्या थरांतील खत संपतें. वरचें उष्ण पाणी झांकणासारखें खालच्या थंड पाण्यावर बसल्यामुळें नवें खत वर येत नाहीं. मग करंडक मागें पडून थोडक्या खतावर भागविणाऱ्या इतर जाती पुढें येतात. शरदांत वारे पुन्हा सुटले, कीं झांकण मोडतें, थोडें खत वर येतें आणि दुसरा, लहानसा बहर होतो. त्यानंतर अंधारा हिंवाळा. असें हें चक्र आहे.

आपल्या कोंकण किनाऱ्यावरील चक्र याहून निराळें आहे. आपल्याकडे सूर्यप्रकाशाची वाण नाहीं. म्हणून येथें ऋतु ठरवितो तो मुख्यत्वें वारा आणि पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्र शांत व तापलेला असतो. उष्ण पाण्याचें झांकण घट्ट बसलेलें असल्यामुळें वरचा थर खतावांचून भुकेला राहतो. या दिवसांत एका विशेष जातीचें नील-हरित शैवाल कधीं कधीं समुद्रावर लाकडाच्या भुश्यासारखें पसरलेलें दिसतें. त्यास खताची अडचण भासत नाहीं, कारण हवेंतील नत्रवायु पकडून तो उपयोगांत आणण्याची युक्ति त्यास साधलेली आहे. पुढें जूनमध्यें नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुटतो. केरळापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याजवळ या काळांत खालचें थंड, खतानें भरलेलें पाणी वर येतें. नद्याहि डोंगरांतील माती व क्षार घेऊन समुद्रास मिळतात. करंडकांचें मोठें पीक येतें व त्यावर तारलीसारखे मासे पोसतात. आमच्या कोळी बांधवांनीं पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या व नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग जाळीं टाकावीं, हा परिपाठ पूर्वापार आहे. वादळाचें भय हें त्याचें एक कारण. पण अनेक जातींच्या माशांच्या विणीचा व पिलांच्या वाढीचा काळहि त्यामुळें आपोआप सुरक्षित राहिला. आज सरकारहि पावसाळ्याच्या आरंभीं यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी करतें, तें याच हेतूनें.

हिंवाळ्यांत अरबी समुद्राच्या उत्तर भागांत आणखी एक बहर येतो. ईशान्येकडून येणाऱ्या थंड व कोरड्या वाऱ्यानें वरचें पाणी गार होऊन जड होतें, खालीं बसतें, आणि त्याच्या जागीं खालचें सकस पाणी वर येतें. या शतकाच्या आरंभापासून या हिंवाळी बहरांत नॉक्टिल्युका नांवाचा एक जीव फार माजूं लागल्याचें शास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. हा जीव डिवचला गेला असतां निळसर प्रकाश देतो. कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कधीं कधीं रात्रीं लाटा फुटतांना चमकतात, त्याचें कारण बहुधा हाच जीव होय. पाहणारास ती शोभा वाटते. तथापि तो फार वाढला म्हणजे करंडकांवर ताव मारून माशांचें नेहमींचें अन्न कमी करतो, ही त्याची दुसरी बाजू आहे. अशा विषयांचा अभ्यास १९६६ सालीं स्थापन झालेली, गोव्यांत दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करीत असते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं असें दाखविलें, कीं पाणी तापत चालल्यामुळें वर सांगितलेलें झांकण अधिकाधिक घट्ट बसत आहे, आणि पश्चिम हिंदी महासागरांतील वनस्पतिप्लवक गेल्या साठ वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत घटले असावेत.

समुद्राची गोष्ट येथवर झाली. आतां घराजवळ येऊं. वैशाखांत आपल्या गांवचें तळें आटत आलें, म्हणजे पाणी थोडें व त्यांतील क्षार दाट होतात. ऊन कडक असतें. अशा पाण्यांत नील-हरित शैवाल वाढून तें हिरवट व साईसारखें दिसूं लागतें. दिवसा हें शैवाल पाण्यांत प्राणवायु सोडतें. परंतु रात्रीं प्रकाश नसल्यामुळें तेंच प्राणवायु घेऊं लागतें. म्हणूनच अशा तळ्यांतील मासे पहांटेच्या वेळीं पृष्ठभागावर तोंड काढून तडफडतांना दिसतात. कित्येक तळीं तर पार कोरडीं पडतात व तळाच्या चिखलास भेगा जातात. त्या वाळलेल्या चिखलांत कांहीं जिवंत उरलें असेल, असें कोणास वाटणार नाहीं. पण परमेश्वराची योजना पाहा. पाणी आटूं लागतांच जलपिसवा व रोटिफर टणक कवचाचीं अंडीं घालतात. हीं अंडीं उन्हांत महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, मेल्यासारखीं पडून राहतात आणि पाण्याचा स्पर्श होतांच फुटतात. शेतकऱ्याच्या कणगींत जसें बियाणें, तसें तळ्याच्या चिखलांत हें बियाणें सांठविलेलें असतें.

मृगाचा पाऊस पडतो, खाचरें भरतात, आणि ही निजलेली सृष्टि जागी होते. नांगरलेल्या मातींतील खत पाण्यांत उतरतें, रोपें अजून लहान असल्यामुळें ऊन पाण्यापर्यंत पोंचतें, आणि अल्पावधींत खाचराचें पाणी सूक्ष्म जीवांनीं भरून जातें. यांतील कांहीं नील-हरित शैवालें हवेंतील नत्र धरून जमिनीस देतात. भातशेतीस नत्र मिळण्याचा हा एक मार्ग आहे, हें पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञानें १९३९ सालीं सिद्ध केलें. पुढें भात वाढून सावली दाट झाली, कीं पाण्यांतील हें पीक ओसरतें. याच वेळीं नद्यांत मात्र उलट स्थिति असते. पुराच्या गढूळ व वेगवान पाण्यांत प्लवकांस ना प्रकाश मिळतो, ना स्थिरता. ते वाहून जातात. दिवाळीनंतर पाणी निवळून डोह शांत झाले, म्हणजे नदींत करंडकांचे दिवस येतात. सारांश, पावसाच्या आरंभीं आपल्या मुलखांत सूक्ष्म जीवांनीं समृद्ध असें पाणी नदींत नसून उथळ खाचरांत असतें.

हें ध्यानांत घेतलें, म्हणजे वलगणीचें कोडें उलगडतें. पहिल्या मोठ्या पावसांत शिंगटी, खवली इत्यादि मासे नदी सोडून ओढ्यांतून, पऱ्ह्यांतून उलट्या प्रवाहानें खाचरांकडे चढूं लागतात. त्यांस वलगणीचे मासे म्हणतात, आणि ते पकडण्यास आपल्याकडे आबालवृद्ध कंदील व पाग घेऊन बाहेर पडतात. मासे वर कां चढतात? त्यांच्या पोटांत गाभोळी असते. ज्या उथळ, उबदार पाण्यांत पिलांस पहिला घांस तयार मिळेल, अशा ठिकाणीं अंडीं घालण्यास ते निघालेले असतात. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनीं १९१४ सालीं असा सिद्धांत मांडला, कीं एखाद्या वर्षीं समुद्रांत मासे उदंड होतील कीं दुर्मिळ, हें अंडीं किती घातलीं यापेक्षां, पिलें अंड्यांतील बलक संपवून तोंड उघडतील त्या घटकेस प्लवक हजर असतात कीं नाहीं, यावर अवलंबून असतें. उत्तर समुद्रांतील हेरिंग मासा व आपल्या ओढ्यांतील शिंगटी यांस एकच नियम लागू पडतो. बहराची वेळ व पिलांची वेळ जुळली तर वंश वाढतो; चुकली तर पिलें उपाशीं मरतात.

येथें आमच्या वाचकांपुढें एक गोष्ट स्पष्टपणें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. वलगणीस मासे धरणें ही आपल्या भागांतील जुनी चाल आहे. ठाकूर, कातकरी व इतर अनेक गरीब कुटुंबांस त्या दिवसांत तें पोटभर अन्न मिळतें. त्यांस दोष देण्याचें कोणाच्याहि मनांत येऊं नये. पूर्वीं जाळीं थोडीं होतीं व माणसेंहि थोडीं होतीं. धरलेल्यांपेक्षां सुटलेले मासे अधिक असत. आज बारीक छिद्रांचीं नायलॉनचीं जाळीं स्वस्त झालीं आहेत. ओढ्याच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत तीं आडवीं बांधलीं, तर एकहि मादी खाचरापर्यंत पोंचत नाहीं. कोठें कोठें पाण्यांत विषारी पूड टाकून मासे मारतात. त्यानें मासेच नव्हे, तर त्यांच्या पिलांचें अन्न असलेले सूक्ष्म जीवहि मरतात. ज्यांची चूल यावर अवलंबून नाहीं, जे केवळ हौसेखातर जातात, त्यांनीं तरी पहिले दोन-तीन दिवस हात आंवरावा. ज्यांस धरणें भाग आहे, त्यांनीं ओढ्याचा निम्मा प्रवाह मोकळा सोडावा व गाभोळीनें फुगलेल्या कांहीं माद्या पुन्हा पाण्यांत सोडाव्या. बियाण्याचें भात कोणी शहाणा शेतकरी कुटून खात नाहीं. तोच न्याय येथें लावावा, इतकीच आमची विनंती आहे.

दुसरें संकट याहून मोठें आहे, आणि त्यांत आपण सर्वच भागीदार आहों. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांतून निघून कर्जतवरून वाहत जाते व पुढें वसईच्या खाडीस मिळते. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीस मिळते. या दोन्ही नद्या उन्हाळ्यांत कोरड्या पडत नाहींत, याचें श्रेय घाटमाथ्यावरील धरणांचें आहे. १९१५ सालीं सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघराचें पाणी पाताळगंगेस, व १९२२ सालच्या भिवपुरी वीजघराचें पाणी उल्हासेस बारमाही मिळत असतें. अशा नदींत घरांचें सांडपाणी, साबणाचा फेंस, शेतांतून वाहून आलेलें रासायनिक खत व कारखान्यांची घाण जाऊं लागली, म्हणजे पाण्यास अजीर्ण होतें. खत हें प्लवकांचें अन्न खरें. पण अति झालें कीं शैवाल बेसुमार माजतें, मरतें, कुजतें व कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतें. उल्हासेच्या खालच्या पात्रांत जलपर्णीचा जाड गालिचा पसरतो, तो याच अजीर्णाची खूण होय. त्याखालीं प्रकाश पोंचत नाहीं व उपयोगी प्लवकहि वाढत नाहींत. हेंच पाणी पुढें कल्याण व आसपासच्या शहरांतील लाखों लोक पितात. आणि त्याहि पुढें तें जेथें समुद्रास मिळतें, त्या खाडींतच कोळंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात. आपण येथें ओढ्यांत जें टाकतों, त्याचा हिशेब आपल्या बाजारांतील जवळ्याच्या पाटींत केव्हां तरी लागतो.

विद्यार्थ्यांनीं हें सारें केवळ वाचून सोडूं नये, स्वतः पाहावें. पाण्याची स्वच्छता मोजण्याची एक सोपी रीति आंजेलो सेक्की या इटालियन ख्रिस्ती धर्मगुरूनें १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत वापरून दाखविली. हे गृहस्थ मोठे ज्योतिषशास्त्रज्ञ होते. परंतु आकाशाकडे पाहतां पाहतां त्यांनीं पाण्याकडेहि दुर्लक्ष केलें नाहीं. त्यांची रीति अशी: एक पांढरी तबकडी दोरीस बांधून आडवी पाण्यांत सोडावयाची, आणि ती दिसेनाशी होईल ती खोली टिपून ठेवावयाची. पाणी गढूळ किंवा प्लवकांनीं भरलेलें असेल, तर तबकडी लवकर दिसेनाशी होते. घरांतील जुनी पांढरी थाळी, खालीं बांधलेला एक दगड व हातहातावर गांठी मारलेली दोरी एवढ्यावर हा प्रयोग होतो. महिन्यांतून एकदां, एकाच ठिकाणीं व एकाच वेळीं, वडील माणसास बरोबर घेऊन तळ्यावर जावें. पावसाळ्यांत नदीकांठीं किंवा पुराच्या ओढ्याकडे मुळींच जाऊं नये; त्या दिवसांत घराजवळील खाचराचें पाणी बरणींत घेऊन उजेडासमोर धरलें तरी पुरे. त्यांत उड्या मारीत चालणारे पांढरे ठिपके दिसले, तर त्या बहुधा जलपिसवा होत. वहींत तारीख, पाण्याचा रंग, थाळी दिसेनाशी झाली ती खोली, आदल्या आठवड्यांतील पाऊस व दिसलेले जीव अशीं पांच घरें आंखावीं. खोली उथळ झाली, तर पाण्याचा रंग पाहावा: हिरवा असेल तर प्लवक वाढले, मातकट असेल तर केवळ गाळ आला, असें समजावें.

अशी बारा महिन्यांची वही एकट्यानें पुरी केली, तर तें एक निरीक्षण होईल. दहा गांवांच्या दहा विद्यार्थ्यांनीं केली, तर या दोन तालुक्यांच्या पाण्याचें पंचांग तयार होईल. कोणत्या तळ्याचें पाणी वर्षानुवर्षें अधिकाधिक हिरवें होत आहे, कोणत्या गांवीं वलगणीचे मासे येईनासे झाले आहेत, हें मग ऐकीव गोष्टींवरून नव्हे, तर लिहिलेल्या पुराव्यावरून ग्रामसभेपुढें मांडतां येईल. पालकांनीं या कामीं मुलांस हंसूं नये, तर त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत जावें. गांवांतील वृद्धांस कोणत्या ओढ्यास पूर्वीं कोणते मासे चढत, तें विचारून त्याच वहींत टिपून घ्यावें. ती माहिती त्यांच्यामागें कोठेंहि मिळणार नाहीं. पुढील मृगापूर्वीं ज्यांच्या वह्या सुरू होतील, त्यांनीं त्या विज्ञानाच्या तासास घेऊन याव्या. शाळेंतील सूक्ष्मदर्शक त्यांच्यासाठीं काढून ठेवण्यांत येईल.